हरवलेलं जस्त

१

सतरा नंबरच्या गव्हातलं जस्त वाटेत कुठेतरी हरवलं होतं. संशोधन केंद्रातून निघताना ते शेहेचाळीस होतं, बाहेरच्या प्रयोगशाळेत पोचलं तेव्हा बत्तीस.

किलोभर गव्हात इतके मिलिग्रॅम, असा तो हिशेब. म्हणजे नखावर घेतलं तरी दिसणार नाही एवढं. पण पोराची उंची वाढणं, जखम भरून येणं, ताप आला तर तो उतरणं, हे सगळं त्या न दिसणाऱ्या चिमटीवर चालतं. म्हणून तर या केंद्रात शेकडो वाणांचे दाणे एकेक करून क्ष-किरणांच्या यंत्राखाली जायचे. वाटीभर दाणे ठेवायचे, झाकण लावायचं, चहाचे दोन घोट घ्यायचे, की पडद्यावर लोह आणि जस्त किती ते हजर. दाणे दळायला नकोत, जाळायला नकोत. ज्याचं जस्त चाळीसच्या वर, तो वाण पुढे. मग त्याची खात्री करायला नमुना बाहेर जायचा. तिथे तो आम्लात विरघळवून सावकाश, जुन्या पद्धतीने मोजायचे.

या हंगामात चाळीसच्या वर एकटा सतरा नंबर गेला होता. आणि तोच आपटला.

"कुणीतरी खोटं बोलतंय," संचालक म्हणाले. "माझ्या मते यंत्रावर बसते ती मुलगी. कंत्राटी आहे. संध्याकाळी तिचं कंत्राट संपवतोय. कागद तयार आहे, तुमची फक्त सही हवी."

समोर बसलेल्या बाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही. मुख्य कार्यालयातून त्यांना अशाच ठिकाणी पाठवायचे, जिथे एकाचं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळत नाही. पाठीमागे लोक त्यांना चाळणबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"सही माणसाच्या पोटावर होणार," त्या म्हणाल्या. "माणूस आधी बघू द्या."

"बघा की. संध्याकाळपर्यंत बघा. पण मॅडम, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

"कोंबडं कुठलं ते तरी कळू दे," म्हणत चाळणबाई उठल्या.

यंत्राची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. बाहेरच्या बाजूला दाणे पाखडायची, पाकिटं भरायची एक खोली, तिच्या आत यंत्राची. चाळणबाईंनी आतलं दार ढकललं तेव्हा यंत्रापाशी एक तरुण मुलगी हात पाठीमागे धरून उभी होती. डोळे सुजलेले. त्यांनी नावसुद्धा विचारलं नव्हतं, तोच ती म्हणाली,

"माझीच चूक आहे मॅडम. जास्तीचं जस्त कुठून आलं ते मला कळलंय."

२

केंद्रात तिला सगळे चिंगीची आई म्हणत. चिंगी म्हणजे तिची लेक, अजून वर्षाचीही नव्हती. सासूबाई दुपारी तिला पाजायला घेऊन यायच्या आणि मग दोघी बाहेरच्या खोलीत बाकावर बसून राहायच्या. लेकरं ठेवायला इथे दुसरी जागा नव्हती.

चिंगीच्या आईने हात पुढे केले आणि तळवे उघडले, जणू तिथे काही चिकटलेलं दिसणार होतं.

"त्या दिवशी चिंगीला लंगोटाखाली लालेलाल पुरळ आलं होतं. मी बाहेर, त्या बाकावर, तिला मलम लावलं आणि मग मोजायला बसले. ते पांढरं, घट्ट, पाण्याने जाता जात नाही ते. हात धुतले होते. पण काल रात्री सहज ट्यूब वाचली. त्यात निम्मं जस्तच असतं, मॅडम. जस्ताची भुकटी. माझ्या बोटांचं ते वाटीला लागलं असणार. वाटीच्या तळाला पातळ पारदर्शक पडदा असतो. किरण तिथूनच वर जातात. बोट लागलं असेल तर यंत्र बिचारं काय करणार, दिसलं ते सांगणार."

"हे संचालकांना सांगितलंस?"

"आज सांगणार होते."

"नोकरी जाईल."

"जाईलच. पण सरांच्या वाणावर उगीच डाग कशाला?"

चाळणबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. तपासाला गेलं की लोक दारं लावून घेतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. इथे दार उघडून कुणीतरी स्वतःच बाहेर आलं होतं. खरं बोलणारी माणसं नेहमी बरोबर असतातच असं मात्र नाही, हाही अनुभवच.

"साक्षीदार वाटी लावली होतीस त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

साक्षीदार वाटी म्हणजे ओळखीच्या गव्हाची वाटी. तिच्यातलं जस्त किती ते आधीपासून माहीत असतं. दर थोड्या वेळाने ती यंत्राखाली ठेवायची. तिचा आकडा बरोबर आला, तर यंत्र शुद्धीवर आहे असं समजायचं.

"लावली होती. सतराच्या आधी आणि नंतर. दोन्ही वेळा बरोबर आली."

"त्याच हातांनी?"

चिंगीच्या आईने मान वर केली. "त्याच हातांनी."

"मग मलमाला सतरा नंबरचाच एवढा लळा का? बोटांना असतं तर साक्षीदारालाही लागलं असतं." चाळणबाईंनी बाह्या वर केल्या. "तरी तुझ्या मनात किंतू नको. भांडारातून सतरा नंबरची मूळ पिशवी मागव. पडदा नवा लाव, पण तू हात लावू नकोस. मी भरते."

त्यांनी स्वच्छ प्लास्टिकच्या चमच्याने वाटी भरली. झाकण लागलं. यंत्र हळूच गुणगुणलं. पडद्यावर आकडा आला.

पंचेचाळीस.

चिंगीची आई खुर्चीवर बसली.

"मलम सुटलं," चाळणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून एक लहान पाकीट काढलं. बाहेरच्या प्रयोगशाळेत उरलेले दाणे त्या येताना घेऊन आल्या होत्या. "आता हे लाव."

पुन्हा झाकण, पुन्हा ते गुणगुणणं. दोघी पडद्याकडे पाहत होत्या.

बत्तीस.

"म्हणजे यंत्र खरं बोलतंय," चाळणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि ती प्रयोगशाळाही खरंच बोलतेय. गहूच वाटेत बदलला, पोरी."

३

भांडारकाकांनी दाणे तळहातावर घेतले आणि लगेच मान हलवली.

"हे आमचे नव्हेत. बघा ना, एकजात टपोरे. शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे, भांग पाडून उभे. माझ्या पिशवीत असे नाहीत. तिथे सगळं गणगोत आहे, जाडे, बारीक, वाकडे." त्यांनी मूळ पिशवीतली मूठ बाजूला धरली. खरंच, तिच्यात निम्मे दाणे चिमटलेले होते, गाल बसलेल्या म्हाताऱ्यासारखे. "अदलाबदल झालीय. माझ्याकडून नाही. किल्ली माझ्या कमरेला असते, झोपेतसुद्धा."

"काकू काही म्हणत नाहीत?"

"सवय झाली तिला. कूस बदलली की वाजते."

"तुम्ही पाकीट दिलंत तेव्हा किती होतं?"

"भरभरून दोन ओंजळी. मी हात आखडत नाही."

"आणि मोहोर लावायला परत आलं तेव्हा?"

हातातली किल्ली काकांनी उगाच फिरवली. "खरं सांगू? हलकं लागलं. ओंजळभरच असेल. मला वाटलं, वाटीत भरला तो परत टाकला नसेल पोरीने. विचारणार होतो, पण बाळ जागं होईल म्हणून ती घाईत होती. राहून गेलं."

"तिने परत टाकला होता. मी विचारलं."

"मग उंदरांनी नेला असं लिहा," काका म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही.

सतरा नंबर ज्यांनी वाढवला ते संशोधक सर शेतावरून आले ते चिखलाचे बूट घेऊनच. उंच, वाकलेले, दोन वाक्यांमध्ये शेत नांगरून व्हावं एवढा वेळ घेणारे. केंद्रात कुजबुज होती की सतरा नंबर पास झाला तर सरांची बढती नक्की. म्हणजे खोटा नमुना देण्याचं कारण कुणाकडे असेल, तर यांच्याकडेच.

चाळणबाईंनी टपोरे दाणे त्यांच्यापुढे ठेवले. "हे तुमचे?"

सर खाली वाकले. चष्मा कपाळावर सरकवून एक दाणा त्यांनी उलटा केला, सुलटा केला, शेंड्याकडची बारीक लव पाहिली, पोटावरची चीर पाहिली.

"माझेच."

"नीट बघा. भांडारकाका म्हणतात, बदललेत."

"काका किल्ल्या ओळखतात. दाणे मी ओळखतो. ही चीर बघा, खालून किंचित डावीकडे वळते. इथल्या दुसऱ्या कुठल्याच वाणात ती वळत नाही. आपल्या लेकराला आपण गर्दीत पाठीवरूनही ओळखतो ना, तसं."

"सर, तुम्ही 'माझे नाहीत' म्हणाला असतात तर सुटला असतात."

"हो का?" सरांनी विचार केला. "ते सुचलं नाही."

चाळणबाईंना त्यांचा एकदम विश्वास वाटला. खोटं बोलणाऱ्याला निदान ते सुचतं तरी.

"हा वाण शेतात कुठे होता?"

"अगदी टोकाला. पाट संपतो तिथे. यंदा मध्ये पाट फुटला, शेवटचं पाणी त्या वाफ्यापर्यंत पोचलंच नाही. दाणे भरायच्या ऐन वेळी तहानेला राहिला बिचारा. तरी बघा, शेहेचाळीस." एवढं बोलून ते पहिल्यांदाच हसले. मग ते हसू तिथेच अडकलं, कारण चाळणबाईंनी डोळे बारीक केले होते.

"शेवटचं पाणी पोचलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि पाकीट हलकं झालं."

"त्याचा आणि याचा काय संबंध?"

"अजून कळला नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच घरच्या वाटतात."

४

दुपारी संचालकांनी जेवायला बोलावलं. चाळणबाईंनी नको सांगितलं आणि त्या बाहेरच्या खोलीत बाकावर जाऊन टेकल्या. शेजारी चिंगीची आजी बसली होती, मांडीवर चिंगी. आतल्या खोलीतून यंत्राचं गुणगुणणं येत होतं आणि चिंगी त्या आवाजाकडे कान लावून होती. जणू तिथे आपल्या ओळखीचं कुणी गातंय.

"बारीक आहे म्हणतात सगळे," आजी विचारण्याआधीच म्हणाली. "शेजारीण तर दर दोन दिवसांनी येऊन सांगते. दूध पुरत नसेल, बाई नोकरी करते ना. आता बाई नोकरी करते म्हणून तर घर चालतं. पण ते कोण बोलणार?"

"सून काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? गप्प बसते आणि अंघोळ झाली की रोज पोरीला काट्यावर ठेवते. मी म्हटलं, अगं, ती काय बटाटे आहे का?" आजीने चिंगीच्या झबल्यावरची सुटलेली सुतं एकेक करून उचलली, बोटावर गुंडाळली आणि पदराला पुसली. "आता पेज सुरू केलीय. मिटक्या मारत खाते. आधी तोंड फिरवायची."

चाळणबाईंनी पर्समधून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि दोघींच्या मध्ये बाकावर उघडून ठेवली. आजीने नको नको म्हणत पुडी स्वतःकडे ओढली. बोलता बोलता तिची बोटं चालू लागली. ती खाली पाहतही नव्हती. थोड्या वेळाने कागदावर दोन ढीग झाले. टपोऱ्या दाण्यांचा ढीग तिने चाळणबाईंकडे सरकवला.

"घ्या."

"आणि ते?"

"ते खुरटलेले. एखादा कडू निघतो. ते मी खाईन."

"पुडी माझी होती," चाळणबाई हसल्या.

"तरी काय झालं? दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं ते निवडूनच ठेवावं. उरलंसुरलं आपण मागे गपचूप खावं. टाकायचं मात्र नाही, अन्न आहे ते." तिने एक चिमटलेला दाणा तोंडात टाकला, चावला, तोंड वाकडं केलं आणि गिळला.

चाळणबाईंचा हात पुडीवरच थांबला.

"आजी, दुपारी तुम्ही येता तेव्हा सून काय करते?"

"पाजायला पोरीला घेऊन त्या कोपऱ्यातल्या खोलीत जाते. मला म्हणते, आई, तुम्ही बसा. मी बसते."

"नुसत्या?"

"नुसतं बसणं मला कुठलं जमायला?" आजी म्हणाली. आणि लगेच तिने चिंगीला छातीशी घेतलं. दोन्ही हात तिने चिंगीच्या पाठीमागे लपवले.

"जस्ताचं भांडण चाललंय ना आत?" तिने विचारलं. "कुणीतरी गहू चोरला म्हणतात. चोरणाऱ्याचं काय करतात हो?"

५

चाळणबाई आत गेल्या. चिंगीच्या आईने त्यांना खुर्ची दिली. ती त्यांनी घेतली नाही.

"त्या दिवशी तू सतरा मोजलास. दाणे पाकिटात परत टाकलेस. मग?"

"मग बाहेर आईंपाशी चिंगी पुन्हा रडायला लागली. पुरळामुळे ती रडून रडून लाल झालेली. मी पाकीट बाहेरच्या टेबलावर ताटलीत ठेवलं, काकांकडे द्यायचं म्हणून. चिंगीला घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत गेले. पाजलं, ती झोपली. परत येऊन पाकीट काकांना दिलं."

"तेवढ्या वेळात टेबलापाशी कोण होतं?"

"कोणीच नाही. सर शेतावर, काका भांडारात. मी संचालकांनाही हेच सांगितलं, खोलीत कोणी नव्हतं."

"आणि सासूबाई?"

"आई होत्या की. पण त्या काय..." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली.

"आपण घरच्या माणसाला 'कोणी' मध्ये मोजत नाही," चाळणबाई म्हणाल्या. "तिथेच चुकतं. तपास करणारे चुकतात तसे लेकीसुनाही चुकतात. आता मला तुझी चाळण दे. आणि भांडारातली पिशवी."

चाळण लांबट भोकांची होती, बी प्रतवारीला वापरायची. चाळणबाईंनी मूळ पिशवीतले दाणे तिच्यात ओतले आणि हलक्या हाताने फिरवले. चिमटलेले खाली झरले, टपोरे वर राहिले. आधी वरच्यांची वाटी यंत्राखाली गेली.

बत्तीस.

मग खालच्यांची.

यंत्र नेहमीसारखंच गुणगुणत होतं, पण दोघींना ते फार वेळ गुणगुणतंय असं वाटलं. आकडा उमटला तेव्हा चिंगीची आई तोंडावर हात ठेवून पाहतच राहिली.

एकसष्ट.

"आई," ती पुटपुटली. यंत्राला नाही, बाहेरच्या खोलीकडे पाहून. आणि दारात आजी उभी होती, कडेवर चिंगी, पदराचं टोक मुठीत घट्ट. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"मी चोर नाही ग," आजी म्हणाली.

६

संचालकांच्या खोलीत माणसं जास्त आणि खुर्च्या कमी होत्या. आजीला बसा म्हटलं तरी ती बसेना. कंत्राट संपवायचा कागद टेबलावर तसाच होता, पेनाखाली दाबलेला.

"आधी मला सांगू द्या," चाळणबाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. नमुन्यात लबाडी झाली असं आपण धरून चाललो. पण अदलाबदल करणारा वजन जुळवतो. दोन ओंजळी काढल्या तर दोन ओंजळी भरतो. इथे पाकीट हलकं झालं, म्हणजे त्यातून काढलं, घातलं काहीच नाही. आणि ज्याने काढलं त्याला ते लपवायचंही नव्हतं. ही लबाडाची रीत नाही. ही दुसऱ्या कुणाची तरी रीत आहे."

त्यांनी दोन वाट्या पुढे ठेवल्या.

"हे दोन्ही सतरा नंबरच. सरांनी ओळखले ते खरं. या टपोऱ्यांत बत्तीस, या चिमटलेल्यांत एकसष्ट. जस्त दाण्याच्या सालीत आणि कोंबात असतं, मधल्या पांढऱ्या पिठात थोडंच. शेवटचं पाणी मिळालं नाही, तर पीठ भरत नाही. साल आणि कोंब मात्र असतोच. बारीक दाण्यात जस्त जास्त आहे असं नाही, पीठ कमी आहे. म्हणून वजनाच्या मानाने ते दाट दिसतं. दोघं एकत्र असतील तर शेहेचाळीस. बारीक निवडून काढले की बत्तीस. यंत्राने सगळं गणगोत मोजलं. बाहेरच्या प्रयोगशाळेने फक्त निवडलेले मोजले."

"निवडले कुणी?" संचालकांनी विचारलं.

"मी," आजी म्हणाली.

सुनेने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण आजीला तो दिसला नाही. ती संचालकांकडेच पाहत होती.

"पाकीट ताटलीत उघडं होतं. सुनेनं सकाळी घरी सांगितलेलं, आज आमचा गहू मोठ्या ठिकाणी जाणार. मी बघितला तर निम्मा खुरटलेला. मला लाज वाटली हो. म्हटलं, हे असं पाठवणार? तिथले लोक म्हणतील, हिला कुणी शिकवलंच नाही. आधीच पोरीला चार जण बोलतात. बसल्या बसल्या निवडला. चांगला पाकिटात ठेवला. नंतर आरडाओरड झाली तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण चोरी म्हणाले. मला वाटलं, मी तोंड उघडलं तर पोरीचीच नोकरी जाईल. आणि गप्प बसले तर तीच जायला निघाली."

"आई, मला सांगायचं ना," सून म्हणाली.

"तुला काय सांगू? तू रात्रभर ती मलमाची ट्यूब घेऊन रडत होतीस. मी अंधारात जागीच होते."

भांडारकाकांनी किल्ली मुठीत धरली, वाजू नये म्हणून.

"भावना ठीक आहेत," संचालक शेवटी म्हणाले, "पण नमुन्यात हात घालणं हा नियमभंगच."

"आहेच. अहवालात लिहिणार आहे," चाळणबाई म्हणाल्या. "असं लिहीन की या केंद्रात मोजलेला नमुना झाकून, कुलपात ठेवायची सोय नाही. आणि असंही लिहीन की लेकरं ठेवायला खोली नाही, म्हणून ती आणि त्यांच्या आज्या पाकिटांच्या टेबलापाशी बसतात. ही सोय करणं कुणाचं काम होतं, तेही लिहू का?"

संचालकांनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"या मुलीने नोकरी जाईल हे माहीत असताना स्वतःच्या बोटांवर संशय घेतला. सरांच्या वाणावर डाग नको म्हणून. आकडे मोजायला असा माणूस तुम्हाला कुठे मिळणार?"

संचालकांनी कागद पेनाखालून ओढला, दुमडला, आणखी एकदा दुमडला आणि खणात सारला. खण लावताना त्यांनी चिंगीकडे पाहिलं. चिंगी त्यांच्याकडे पाहून हसली, कारण तिला कंत्राटातलं काही कळत नव्हतं.

"आणि माझा सतरा?" संशोधक सर मागून म्हणाले. त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं, सगळ्यात शेवटी बोलले. "म्हणजे तो मुळात श्रीमंत नव्हताच. उपाशी होता."

"ते अजून कुणालाच माहीत नाही. पाट दुरुस्त करा, पोटभर पाणी द्या, पुन्हा पेरा. मग सगळे दाणे मोजू, जाडे, बारीक, वाकडे."

"आणि बत्तीसच आलं तर?"

"तर बत्तीस."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग म्हणाले, "पाट उद्याच बघतो."

माणसं उठायला लागली तेव्हा संचालकांना आठवलं. "पण मॅडम, ते ओंजळभर दाणे? काढलेले? केंद्राचा माल आहे तो."

आजीने पदर पुन्हा मुठीत धरला. "टाकायचे कसे? अन्न आहे. मला वाटलं, रद्दीच आहे. घरी नेऊन भरडले, सालासकट. रोज थोडे थोडे, चिंगीच्या पेजेत."

भांडारकाका पहिल्यांदा हसले. मग सर. चिंगीच्या आईने चिंगीला सासूबाईंकडून घेतलं आणि तिच्या पोटावर हात ठेवला. आतलं काही मोजता येतंय का ते बघावं तसा.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"आता शेजारीण आली की हाच आकडा सांग," आजी म्हणाली. "काट्यावर कशाला ठेवतेस?"

निघताना चाळणबाई बाहेरच्या खोलीतल्या बाकापाशी थांबल्या. पुडी तिथेच होती, दोन्ही ढीग तसेच. आजीने घाईघाईने टपोरे दाणे गोळा करून त्यांच्यापुढे धरले.

"प्रवासाला न्या. निवडलेले आहेत."

चाळणबाईंनी तिचा हात अलगद बाजूला केला आणि दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"आज मला त्यातले द्या."

आजी क्षणभर घुटमळली. मग तिने खुरटलेल्यांतला एक उचलला, आधी स्वतः चाखून पाहिला आणि कडू नाही अशी खात्री झाल्यावर बाकीचे त्यांच्या ओंजळीत ओतले.